पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी छातीत दुखणाऱ्या रुग्णाला तासन्‌तास का थांबवून ठेवतात?

कारण एका नॉर्मल ईसीजीवरून हार्ट अटॅक नाही असं म्हणता येत नाही. ईसीजी रुग्ण आल्यापासून १० मिनिटांत काढायचा असतो, पण रक्तवाहिनी पूर्ण बंद नसेल तर त्यात काहीच दिसत नाही असंही होतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन हे प्रथिन वाढतं, मात्र त्याला वेळ लागतो. म्हणून ट्रोपोनिनची हाय-सेन्सिटिव्हिटी (अगदी कमी प्रमाणही पकडणारी) चाचणी १ ते ३ तासांनी पुन्हा करतात आणि दोन आकड्यांतला फरकही बघतात.

पुढचा निर्णय बऱ्याच ठिकाणी हार्ट स्कोअरवर घेतात. त्यात पाच गोष्टी बघतात: लक्षणांचं वर्णन, ईसीजी, वय, जोखमीचे घटक, ट्रोपोनिन. प्रत्येकाला ० ते २ गुण. बेरीज ३ पर्यंत असली तर धोका कमी. यातला पहिला घटक सर्वांत नाजूक, कारण तो डॉक्टरच्या अंदाजावर ठरतो. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांमध्ये नुसती धाप, मळमळ किंवा घाम असू शकतो, आणि मग ‘अ‍ॅसिडिटी’ हे पहिलं निदान डोक्यात घट्ट बसतं. छातीत दुखण्याच्या इतर गंभीर कारणांचा, म्हणजे महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फाटणं किंवा फुफ्फुसातली गुठळी यांचा वेगळा विचार करावाच लागतो. हा स्कोअर त्यांच्यासाठी नाहीच.

थांबलेले असताना दुखणं वाढलं, तर लगेच सांगा. ईसीजी त्याच क्षणी पुन्हा काढायला हवा.