फळावर आलेले लिंबाचे झाड नव्या बागेत हलवता येईल का?

आपण विचारले आहे की, सुमारे आठ वर्षांचे, नियमित फळणारे कलमी लिंबाचे झाड जुन्या घराच्या परसातून नव्या बागेत न्यायचे आहे, खोडाची जाडी सुमारे ७ सेंटीमीटर आहे आणि घर सोडायला अजून वर्षभर अवकाश आहे. तर झाड जगेल का आणि त्यासाठी काय करावे?

जगण्याची शक्यता चांगली आहे आणि त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे आपल्या हाती असलेले हे वर्ष. आठवडाभरात झाड हलवायचे आहे असे कोणी विचारले, तर मी सहसा नकोच म्हणतो.

फळझाडाची पाणी आणि अन्नद्रव्ये शोषणारी बारीक तंतुमुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरच्या थरात असतात आणि ती खोडापासून दूर, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. खोडालगत असतात ती जाड, लाकडी मुळे. ती झाडाला धरून ठेवतात आणि दुरून आलेले पाणी वर पोहोचवतात, पण स्वतः फारसे पाणी शोषत नाहीत. त्यामुळे खोडाभोवती खणून झाड उचलले की दिसायला भरपूर मुळे सोबत येतात, मात्र झाडाला पाणी पाजणारी बहुसंख्य मुळे जुन्या जागीच राहतात. पानांतून पाणी जाणे तर चालूच असते. भोवतालची माती ओली असूनही हलवलेले झाड सुकते ते यामुळे. म्हणून पहिले काम म्हणजे झाड उचलण्याआधीच खोडाजवळ नवी तंतुमुळे तयार करून घेणे.

त्यासाठी जमिनीपासून साधारण १५ सेंटीमीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजावा. मुळांभोवतीचा मातीचा गोळा या व्यासाच्या १० ते १२ पट रुंद असावा, असा सर्वसाधारण हिशेब आहे. आपल्या झाडासाठी खोड मध्यभागी धरून ७० सेंटीमीटर व्यासाचे वर्तुळ आखावे आणि त्याच्या परिघाचे सहा सारखे भाग करावेत. आता एकाआड एक अशा तीनच भागांवर, वर्तुळाच्या कडेने बाहेरच्या बाजूला, कुदळीने सुमारे अर्धा मीटर खोल चर काढावा. चरात जी मुळे लागतील ती कुदळीच्या घावाने तुटलेली ठेवू नयेत. धारदार कात्रीने किंवा छाटणीच्या करवतीने स्वच्छ कापावीत, कारण ठेचलेले टोक कुजते आणि स्वच्छ कापलेल्या टोकाच्या मागून नवी मुळे फुटतात. मग चर त्याच मातीत थोडे चांगले कुजलेले शेणखत मिसळून बुजवावा आणि पाणी द्यावे. झाडाला नवी पालवी येऊन ती जून झाली की उरलेल्या तीन भागांत हेच काम करावे. दुसऱ्या चरानंतर किमान चार-सहा महिने तरी झाड तसेच राहू द्यावे. या काळात पाण्याचा खंड पडू देऊ नये आणि बहार धरू नये. लागलेली फळे लहान असतानाच काढून टाकावीत.

लिंबू सदाहरित असल्यामुळे त्याला अंजीर, सफरचंद किंवा पीच यांच्यासारखा पानगळीचा विसावा नसतो. पानगळीची झाडे पाने झडल्यावर आणि डोळे फुटण्यापूर्वी हलवावीत हे सोपे आहे. लिंबासाठी मात्र ऊन आणि वारा सौम्य आहेत, हवेत ओलावा आहे आणि नवी पालवी अजून फुटलेली नाही असा काळ शोधावा लागतो. कडाक्याच्या थंडीत लिंबवर्गीय मुळांची वाढ जवळजवळ थांबते, म्हणून तो काळही टाळावा.

नवा खड्डा झाड उचलण्यापूर्वी तयार हवा. तो गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद असावा, पण गोळ्याच्या उंचीपेक्षा खोल मुळीच नको. खोल खणून पुन्हा भरलेली भुसभुशीत माती पुढे दबते, झाड खाली बसते आणि कलमाचा जोड मातीत जातो. लिंबाच्या बाबतीत हे विशेष घातक आहे, कारण सतत ओल्या मातीला टेकलेल्या सालीवर डिंक्या रोग (साल कुजून डिंक पाझरणे) लवकर येतो.

उचलण्याच्या दोन दिवस आधी भरपूर पाणी द्यावे, म्हणजे माती वाफशावर (ओलसर, पण चिखल नसलेली) येईल आणि गोळा फुटणार नाही. फांद्या दोराने अलगद बांधून घ्याव्यात आणि खोडाच्या एका बाजूला खूण करावी, म्हणजे नव्या जागीही झाडाची तीच बाजू उन्हाकडे ठेवता येईल. आता खणायचे ते जुन्या चराच्या बाहेरून, आठ-दहा सेंटीमीटर सोडून. नवी तंतुमुळे नेमकी त्या बुजवलेल्या चरात असतात आणि तीच मागे राहिली तर वर्षभराच्या कष्टांचा उपयोग नाही. गोळा अर्धा मीटरभर खोल ठेवून खालून निमुळता करत आणावा, गोणपाटात गुंडाळून सुतळीने घट्ट आवळावा आणि मगच खालची मुळे कापावीत. एवढ्या गोळ्याचे वजन ३०० किलोंच्या पुढे सहज जाते. खोडाला दोर बांधून ओढण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये. साल सोलते आणि मुळे गोळ्यातून निसटतात. गोळ्याखाली फळी किंवा जाड ताडपत्री सरकवून, पुरेशी माणसे लावून किंवा यंत्राच्या साहाय्याने तो उचलावा. प्रवासात पाने वाऱ्यापासून झाकावीत.

लावताना झाड पूर्वीइतक्याच खोलीवर, किंबहुना दोन बोटे वरच बसवावे, गोणपाट सोडवून काढावे आणि खड्ड्यातून निघालेलीच माती भरावी. रासायनिक खत या वेळी अजिबात देऊ नये. माती पायाने तुडवण्यापेक्षा थोडी भरून पाणी सोडावे, म्हणजे आतील पोकळ्या आपोआप बुजतात.

फांद्या किती छाटाव्यात याबद्दल मतभेद आहेत. मुळे गेली तेवढा शेंडा कापावा, असा जुना सल्ला अनेक जण देतात. मला तो सरसकट मान्य नाही, कारण नवी मुळे फुटण्यासाठी लागणारे अन्न पानांतच तयार होते आणि मुळांना चालना देणारी संप्रेरके कोवळ्या शेंड्यांतून खाली येतात. आधी चर घेऊन तयार केलेल्या झाडाच्या वाळलेल्या, मोडलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढणे पुरेसे असते. गोळा फुटला किंवा अचानक कडक ऊन पडले, तर थोडी विरळणी करावी आणि काही आठवडे सावलीची जाळी लावावी.

पुढचे वर्ष पाण्याचे आहे. भोवतालची माती ओली आणि गोळा मात्र आतून कोरडा, ही स्थिती फार वेळा दिसते, म्हणून पहिल्या महिन्यांत आळे गोळ्याएवढेच ठेवावे, पाणी थेट गोळ्यावर द्यावे आणि दर वेळी बोट किंवा काडी खुपसून आतली ओल पाहावी. मुळे पसरतील तसे आळे रुंद करावे, पण खोडाला पाणी लागू नये म्हणून बुंध्याशी मातीची लहान भर ठेवावी. ती भरही कलमाच्या जोडापर्यंत पोहोचू देऊ नये. पालापाचोळ्याचे पाच-सात सेंटीमीटर आच्छादन खोडापासून वीतभर दूर घालावे.

पाने गळू लागली तर घाबरू नये. पाने आपोआप गळत असतील तर फांदी जिवंत आहे. पाने जागच्या जागी वाळून फांदीला चिकटून राहिली, तर मात्र ती फांदी मेली असण्याची शक्यता अधिक. नखाने साल किंचित खरवडून आत हिरवे दिसते का ते पाहावे आणि हिरवे असेल तिथे कात्री लावू नये.

एवढे करूनही धोका उरतोच, म्हणून चर घेण्यापूर्वीच या झाडावर दोन-तीन गुटी कलमे बांधावीत, असा माझा आग्रह आहे. पेन्सिलएवढ्या जाड, निरोगी फांदीवरची दोन-तीन सेंटीमीटर रुंद साल गोलाकार काढून तिथे ओले शेवाळ बांधले आणि वर प्लास्टिक गुंडाळले की साधारण दोन ते तीन महिन्यांत मुळे दिसू लागतात. अशा फांदीपासून होणाऱ्या रोपांची फळे हुबेहूब आपल्या झाडासारखीच असतात. ती वेगळ्या खुंटावर (कलमाखालच्या दुसऱ्या झाडाच्या मुळांवर) नसून स्वतःच्या मुळांवर उभी राहतात, म्हणून त्यांना पाणी न साचणारी जागा द्यावी. मोठे झाड रुजले, तरी पहिल्या वर्षी त्याचा फुलोरा खुडून टाकावा. दुसऱ्या वर्षी थोडी फळे ठेवावीत आणि पूर्ण बहार त्यानंतर, पालवी पूर्वीइतकी जोमदार येऊ लागल्यावरच धरावा.