हळद शिकवू नका, साखर मोजा

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे असून सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत आहे. त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. ‘रोज चमचाभर हळद आणि चिमूटभर मिरपूड यांचा काढा घ्या, पंधरा दिवसांत साखर मुळापासून जाते, औषध कंपन्या हे लपवून ठेवतात,’ असा संदेश मोबाईलवर आल्यापासून, म्हणजे गेला महिनाभर, त्यांनी मेटफॉर्मिनची गोळी बंद केली आहे. काही बोलायला गेले, की ‘तू मला हळद शिकवणार?’ असे म्हणतात. त्यांना कसे समजवावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हळद त्यांना खरोखरच कोणी शिकवू नये. तुमच्या घरातला वाद हळदीवर गेला की ते जिंकणार, आणि गोळी मात्र बंदच राहणार.

त्या संदेशात खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच तो पटतो. हळदीतल्या कर्क्युमिन या घटकावर प्रयोगशाळांत बरेच संशोधन झाले आहे आणि मिऱ्यातल्या पिपरीनमुळे ते शरीरात अधिक शोषले जाते, हेही खरे आहे. परंतु हळदीत कर्क्युमिन वजनाच्या साधारण तीन टक्केच असते, म्हणजे तीन ग्रॅमच्या चमच्यात सुमारे ९० मिलिग्रॅम, आणि त्यातलेही रक्तापर्यंत फारच थोडे पोहोचते. मधुमेह मुळापासून घालवील असे त्यात काही सिद्ध झालेले नाही. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना तर १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. मोबाईलवरच्या निनावी संदेशाला मात्र कोण विचारतो?

‘रसायनाची गोळी नको’ हा त्यांचा मुख्य आक्षेप असेल, तर त्यांना मेटफॉर्मिनची गोष्ट सांगा. युरोपात गलेगा नावाची एक रानवनस्पती लोक औषध म्हणून वापरत. तिच्यातले साखर उतरवणारे द्रव्य विषारी ठरले. त्याच जातीच्या द्रव्यांवर काम होत होत मेटफॉर्मिन तयार झाले आणि १९५७ साली जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ते मधुमेहाच्या रुग्णांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. झाडपाल्यातले नेमके काय, किती आणि कोणाला द्यायचे हे मोजून ठरवले गेले, एवढाच त्या गोळीचा आणि काढ्याचा फरक.

‘मला काही त्रास नाही’ या उत्तरावर विसंबू नका, कारण साखर १८० च्या वर जाऊन लघवीत उतरू लागेपर्यंत पुष्कळांना काहीच जाणवत नाही. सौद्यात हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय तुमचे वडील भाव बोलत नसतील. तसाच आपला काढाही एकदा तपासून पाहू, असे त्यांना म्हणा. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर आजचे सांगते, तर एचबीए१सी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. गोळी चालू असतानाचा जुना रिपोर्ट शेजारी ठेवला, तर आकडेच बोलतील आणि तुम्हाला फार बोलावे लागणार नाही. ‘तुम्ही फसलात’ हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नका, विशेषतः चारचौघांत.

तपासणीला उशीर नको. फार तहान, वारंवार लघवी किंवा वजन घटणे यांपैकी काही दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. गोळी कोणत्या मात्रेने पुन्हा सुरू करायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या आणि काढ्यात हळद किती घालतात तेही त्यांना सांगा. आमटीतली हळद बंद करण्याचे काहीच कारण नाही.