पत्रिकेवर कोणाचं नाव आधी?

प्रिय बाळ,
प्रभूच्या नावात सलाम.

पत्र मिळालं. गावातल्या पाचही चर्चच्या तरुणांना एकत्र आणायचं आणि पहिल्याच कार्यक्रमात सगळ्यांनी मिळून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, घ्यायचं, असं तू लिहिलंस. उत्साह आवडला, पण सुरुवात तिथून करू नकोस. कॅथलिक चर्चचे फादर तुला प्रेमाने चहा पाजतील आणि नाही म्हणतील. त्यांच्या चर्चच्या शिस्तीत ते बसत नाही. मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी) तर बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच पाळत नाही. म्हणजे ज्या मेजाभोवती सगळ्यांना बसवायचं, तिथूनच दोन मंडळ्या पहिल्या दिवशी बाहेर.

तुझ्या वयाचा असताना मलाही वाटायचं की वरच्या माणसांनी मनावर घेतलं तर महिन्याभरात सगळं जुळेल. मग नागपूरची गोष्ट नीट वाचली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे सहा चर्चसंस्था एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. बोलणी सुरू झाली होती १९२९ साली. एक्केचाळीस वर्षं! अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणार; बॅप्टिस्ट आणि ब्रदरन म्हणणार, आधी त्याला विश्वास कबूल करता येऊ दे. शेवटी दोन्ही पद्धती चालतील असं ठरलं. हे दोन ओळींत लिहून होतं, पण आपली पद्धत न सोडता दुसऱ्याची मान्य करायला मन किती मोठं करावं लागलं असेल बघ. बिशपने हात न ठेवलेला पाळक खरा पाळक का, हाही वाद होताच. तिथे त्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. कोणी कोणाला काय दिलं याचा हिशेब मांडला नाही. मला त्या सबंध इतिहासात ही एक गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

तरी अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट शेवटच्या काही महिन्यांत बाजूला झालेच. आणि ब्रदरनच्या गुजरातमधल्या मालमत्तेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१३ साली निकाल लागला की विलीनीकरणाचा ठराव केला म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप नव्या चर्चची होत नाही. बाप्तिस्म्यावर एकमत झालं, सात-बारा मात्र जिथल्या तिथे.

म्हणून तू ठराव आणि समितीच्या वाटेला जाऊच नकोस. आधी त्यांच्याकडे पाहुणा म्हणून जा. कॅथलिक चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, बस, ख्रिस्तप्रसाद (त्यांचं प्रभुभोजन) घ्यायला रांगेत उभा राहू नकोस, पण शेवटपर्यंत थांब. पेंटेकॉस्टल मंडळीत सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागले तर हसू दाबायची वेळ येऊ देऊ नकोस. यातल्या कोणाच्याही घरी मयत झाली तर खांदा द्यायला जा. कबरस्तानात कोणी कोणाची मंडळी विचारत नाही.

मग एकत्र गाणी. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं घ्या, पेटी, तबला आणि टाळ घ्या. टिळकांचं १९१९ मध्ये निधन झालं. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला होता, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही चालत. आपण निदान बाप्तिस्मा घेतलेल्यांना तरी एका सतरंजीवर बसवू.

आता माझी एक फजिती. एका वर्षी आम्ही एकत्र नाताळ केला. पत्रिका मी छापून आणली. पाळकांची नावं सुचली तशी खाली-वर घातली. एकांचं नाव तळाला गेलं. पुढच्या वर्षी त्यांची मंडळी आली नाही, आणि त्यांच्याबरोबर आणखी एक. मी माफी मागायला गेलो तेव्हा ते म्हणाले, ‘नावाचं काही नाही हो.’ नावाचंच होतं. त्यानंतर आम्ही पत्रिकेवर फक्त वेळ, जागा आणि जेवण आहे एवढंच छापतो.

आणि खरं दुखणं सांगतो, ते कोणी सभेत बोलणार नाही. प्रत्येक पाळकाला भीती एकच: एकत्र कार्यक्रमाच्या नावाखाली आपली तरुण मुलं दुसरा ओढून नेईल. हे घडलेलं आहे, त्यामुळे त्यांना हसू नकोस. तू स्वतः पाचही जणांकडे जाऊन शब्द दे की इथे भेटलेल्या कोणाला आपल्या रविवारच्या उपासनेचं आमंत्रण द्यायचं नाही. आणि तुझ्याच मित्रांनी तो मोडला तर त्यांना पुढच्या वेळी बोलावू नकोस. इथे कडक राहा.

मुहूर्त हवा असेल तर १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना-सप्ताह आहे. त्याचं साहित्य रोम (कॅथलिकांचं मुख्यालय) आणि इतर अनेक चर्चची जागतिक चर्च परिषद मिळून तयार करतात, त्यामुळे कोणाचं चर्च म्हणून आक्षेप येत नाही. शनिवार टाळ, ॲडव्हेंटिस्ट मंडळींचा तो शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि उपासनेचा दिवस.

एक बारीक गोष्ट राहिली. प्रभूची प्रार्थना सगळ्यांना पाठ, म्हणून शेवटी तीच घ्याल. ‘वाइटापासून सोडव’ इथे कॅथलिक थांबतात. आपले प्रोटेस्टंट लोक ‘कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव’ म्हणत पुढे जातात. पहिल्यांदा तिथे घोटाळा होतो, अर्धी सभा गप्प आणि अर्धी सुरू. तू पुढे उभा असशील, तर आधीच सांग की तिथे सगळ्यांनी क्षणभर थांबायचं, मग ज्यांना पुढचं म्हणायचंय त्यांनी म्हणायचं, आणि आमेन सगळ्यांनी मिळून.

मी येईन. सतरंज्या उचलायला माणूस लागेलच.

तुझा,
काका