दोन वर्षं खपून केलेलं काम ‘ऑब्व्हियस’ कसं?

प्रश्न : मी बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करतेय. आमच्या लॅबमधल्या सीनियरनं दोन वर्षं खपून एक जनुक क्लोन केलं, म्हणजे वेगळं काढून त्याच्या प्रती केल्या. पेटंट एजंट म्हणाले, हे ऑब्व्हियस, म्हणजे जाणकाराला सहज सुचेल असं ठरेल आणि पेटंट मिळणार नाही. मग मेहनतीला किंमतच नाही का? मला या पेटंटच्याच क्षेत्रात जायचंय, पण असलं काही ठरवणं मला जमेल का?

उत्तर : पेटंटच्या लेखी घामाला किंमत नाही, हे खरंच. पण उलटही खरं आहे : शोध एका दुपारी अपघातानं लागला, म्हणून तो कमी ठरत नाही. पाहायचं असतं ते एवढंच, की अर्जाच्या तारखेला त्या विषयातल्या सामान्य जाणकाराला, तोवरचं सगळं छापील साहित्य हाताशी असताना, हे सुचलं असतं का आणि जमेल असा वाजवी भरवसा वाटला असता का.

हा भरवसा काळाबरोबर बदलतो. 1995 मध्ये अमेरिकेत पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयानं ‘ड्युएल’ खटल्यात म्हटलं, प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा थोडा क्रम माहीत असला, तरी तेवढ्यानं त्याचा डीएनए ऑब्व्हियस ठरत नाही. एकट्या ल्युसिन या अमिनो आम्लालाच सहा कोडॉन, म्हणजे डीएनएतले सहा वेगवेगळे तीन-अक्षरी संकेत. नेमका क्रम कोण सांगणार? त्याच न्यायालयानं 2009 मध्ये ‘क्युबिन’ खटल्यात उलटा निकाल दिला. प्रथिन ठाऊक होतं, त्याला चिकटणारी अँटिबॉडी होती, क्लोनिंगच्या पायऱ्या लॅबच्या मॅन्युअलमध्ये होत्या; म्हणून जनुक ऑब्व्हियस ठरलं. मधल्या काळात, 2007 साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ऑब्व्हियस ठरवायची कसोटी सैल केली होती. गंमत म्हणजे तो खटला होता मोटारीच्या ॲक्सिलरेटर पेडलचा!

याचा अर्थ, करून पाहण्याजोगं ते सगळं ऑब्व्हियस, असा मात्र नाही. कुठला घटक महत्त्वाचा याचा सुगावा नसताना तापमान, बफर, व्हेक्टर, सगळंच बदलत बसावं लागत असेल, तर ते ऑब्व्हियस नव्हे. आणि हा फरक कायद्याच्या पुस्तकापेक्षा लॅबमध्ये जास्त कळतो. ई. कोलाय या जिवाणूत प्रथिन बनलं, पण सगळं इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे न विरघळणाऱ्या गोळ्यांत अडकलं, असा दिवस तू पाहिला असशीलच. ‘जमेल’ या शब्दावर किती विसंबायचं ते तिथंच कळतं. तुझी ती फसलेल्या प्रयोगांची वही जपून ठेव.

एक सराव कर. एखाद्या पेपरची फक्त प्रस्तावना वाच, पुढचं झाक. तू काय केलं असतंस, ते जमेल असं किती वाटतं आणि कशावरून, हे लिहून काढ. मगच निकाल वाच. उत्तर कळल्यावर सगळ्यांनाच ‘हे तर मलाही सुचलं असतं’ असं वाटतं. पेटंट अर्ज तपासणाऱ्या परीक्षकांचीही गल्लत इथंच होते. महिनाभरात तुला तुझा कल कळेल. पेटंट एजंट व्हायला भारतात काय, अमेरिकेत काय, कायद्याची पदवी लागत नाही. विज्ञानाची पदवी आणि परीक्षा लागते.

सीनियरला मात्र एक विचार : त्या दोन वर्षांत मॅन्युअलची कुठली पायरी चाललीच नाही आणि त्यांनी काय वेगळं केलं? जनुकावर पेटंट न मिळो, त्या युक्तीवर मिळू शकेल. एजंटांकडे परत जायचं ते ही गोष्ट घेऊन, आणि परिषदेत पोस्टर लावून ती जाहीर करायच्या आधी.