व्हायरसवरचं औषध शोधायचंय. कॉम्प्युटेशनल ड्रग डिझाइन येत असेल तर सिंथेसिस, म्हणजे रेणू प्रयोगशाळेत बनवणं, शिकायलाच हवं का?

हवं. इतकं तोडून सांगतोय, कारण याच मुद्द्यावर मी एका सहकाऱ्याशी दोन वर्षं भांडलोय.

तो डॉकिंग करायचा, म्हणजे कुठला रेणू प्रोटीनच्या खाचेत किती नीट बसेल ते कॉम्प्युटरवर पाहायचा, आणि मी, त्याच्या मते, फ्लास्क धुवायचो. काम कोरोनाच्या मेन प्रोटिएजवर, म्हणजे विषाणूला वाढायला लागणाऱ्या एन्झाइमवर होतं. एके दिवशी त्याने स्कोअरप्रमाणे लावलेली 20 रेणूंची यादी माझ्या टेबलावर आणून ठेवली. पहिल्याच रेणूत चार कायरल सेंटर, म्हणजे डावं-उजवं अचूक जमवावं लागतं अशा चार जागा! म्हटलं, "अरे, हा बनवायचा कसा?" "ते तुझं काम."

चार महिने गेले. शेवटच्या पायरीला प्रॉडक्ट आणि इम्प्युरिटी टीएलसीवर, म्हणजे मिश्रण तपासायच्या पट्टीवर, खांद्याला खांदा लावून चढायचे. तीनदा शुद्धीकरणाचा कॉलम लावला, तेव्हा कुठे कुपीच्या तळाशी पांढरा थर दिसला. 11 मिलिग्रॅम.

टेस्टमध्ये एन्झाइम बंद पडलं आणि गडी नाचायचाच बाकी राहिला. पण डीएमएसओ या द्रावकातून बफरमध्ये टाकताना द्रावण किंचित दुधाळ झालेलं मी पाहिलं होतं. चिमूटभर ट्रायटन हे डिटर्जंट घालून टेस्ट पुन्हा केली आणि सगळी अ‍ॅक्टिव्हिटी गायब! रेणू सिस्टीन 145 कडे, म्हणजे एन्झाइमच्या काम करणाऱ्या जागेकडे, फिरकलाच नव्हता. त्याचे बारीक गोळे झाले होते आणि एन्झाइम त्यांना चिकटून बसलं होतं; डिटर्जंटने गोळे मोडले आणि ते सुटलं. हे डॉकिंगच्या स्कोअरमध्ये कुठे दिसणार?

मी पहिल्यापासून म्हणत होतो की यादीतला 17 नंबरचा रेणू दोन पायऱ्यांत होतो, तो आधी करू. शेवटी केला. तोही फुसका निघाला, पण ते आठवड्याभरात कळलं.

वादात तो दरवेळी झानामिव्हिर हे फ्लूचं औषध पुढे करायचा. इन्फ्लुएन्झाच्या न्यूरामिनिडेज या एन्झाइमची रचना 1983 मध्ये हाती आली, पुढे ग्रिड या कॉम्प्युटर प्रोग्रामने त्याच्या पॉकेटमध्ये धनभारित गटाला जागा दाखवली, तिथे आधीच्या रेणूतलं हायड्रॉक्सिल काढून ग्वानिडिनो हा धनभारित गट बसवला आणि पकड हजारो पटींनी घट्ट झाली. मान्य. पण तो बसवला फ्लास्कमध्येच ना? शिवाय रेणू इतका ध्रुवीय की पोटातून जेमतेम शोषला जातो, म्हणून श्वासावाटे घ्यावा लागतो. गिळायचं औषध झालं ते ओसेल्टामिव्हिर. त्यात ग्लिसेरॉलची शेपटी जाऊन तेलकट गट आला, आम्लावर एस्टरचं झाकण बसलं. दोन्ही औषधं 1999 ची.

एक मात्र कबूल करतो. याच प्रोटिएजवरच्या एन्सिट्रेलव्हिर या औषधाची सुरुवात व्हर्च्युअल स्क्रीनिंगमधूनच, म्हणजे कॉम्प्युटरवर रेणू चाळण्यातूनच झाली, तेव्हा यादी अगदीच टाकाऊ नसते. आणि आमच्या बफरमध्ये पहिल्या दिवसापासून डिटर्जंट असायला हवं होतं, ती चूक माझी.

तेव्हा तुम्ही निदान एक पाच पायऱ्यांचा रेणू स्वतःच्या हाताने बनवा, कॉलमसकट. सॉफ्टवेअर कुठलं शिकायचं ते मला नाही, त्याला विचारायला हवं. हल्ली तो यादी पाठवायच्या आधी किती पायऱ्या लागतील ते विचारतो, असं ऐकलंय.