फुरसं चावल्यावर रक्त काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं का थांबतात?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना गडग्याकडेचं गवत कापताना फुरसं चावलं. पायाला थोडी सूज होती, बाकी ते नीट बोलत होते. रुग्णालयात लगेच प्रतिविष न देता नळीत रक्त घेतलं आणि नळी टेबलावर ठेवून दिली. मग ती वाकडी करून पाहिली आणि प्रतिविषाच्या एकदम १० बाटल्या लावल्या. तुमचा प्रश्न असा की आधी एवढं थांबायचं आणि मग एवढं द्यायचं, हे कसं?

त्या २० मिनिटांत खरं तर सगळ्यात महत्त्वाची तपासणी चालू होती. ती कळायला आधी साधं रक्त गोठतं कसं ते बघू.

कोयती बोटाला लागली की बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, फाटलेल्या जागी चिकटून कच्चं बूच बसवतात. ते पक्कं करायला धागे लागतात. त्यांचा कच्चा माल म्हणजे फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं. जखम झाली की रक्तातले गोठवणारे घटक एकापाठोपाठ एक जागे होतात. शेवटी शेवटी त्यातल्या प्रोथ्रॉम्बिन या घटकाचं थ्रॉम्बिन होतं आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे धागे करतं. त्या जाळीत तांबड्या पेशी पागात मासळी अडकावी तशा अडकतात. हे काम जखमेपुरतंच होतं, कारण साखळी सुरू व्हायला जखम लागते.

फुरशाच्या विषातलं एकारिन हे विकर, म्हणजे एन्झाइम, ही साखळी बाजूला सारून थेट प्रोथ्रॉम्बिनवर घाव घालतं. त्याला जखम लागत नाही, कॅल्शियमही लागत नाही. मग रक्त वाहतं आहे तिथेच बारीक बारीक धागे होत राहतात, आणि शरीराची धागे विरघळवणारी यंत्रणा ते लगेच तोडत राहते. काही तासांत फायब्रिनोजेनचा साठा रिकामा. आपण ‘विषाने रक्त पातळ झालं’ म्हणतो, पण विषाने केलेलं असतं उलटंच. त्याने रक्त इतकं गोठवलेलं असतं की पुढच्या जखमेसाठी सामानच उरत नाही. शिवाय विषातली काही प्रथिनं केशवाहिन्यांच्या भिंती सैल करतात. म्हणून हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या खपलीतून रक्त येतं. सगळ्यात वाईट म्हणजे डोक्यात रक्तस्राव. फुरसं चावलेल्या माणसाचं डोकं जोरात दुखायला लागलं आणि उलट्या सुरू झाल्या, तर ते ताबडतोब डॉक्टरांच्या कानावर घालावं.

आता नळी. कोरडी, स्वच्छ, शक्यतो कोरी काचेची नळी घ्यायची, शिरेतून नुकतंच काढलेलं २ मिलिलिटर रक्त तिच्यात घालायचं, ती उभी ठेवायची आणि २० मिनिटं हातही लावायचा नाही. मग एकदाच वाकडी करायची. रक्त खरवसासारखं तळाशी धरून राहिलं तर ठीक. कोकमाच्या आगळासारखं काचेवरून ओघळलं, तर विष रक्तात काम करतंय.

हे दिसायला सोपं आहे, पण चुका इथेच होतात. प्लास्टिकची नळी चालत नाही, कारण काचेच्या स्पर्शानेच गोठण्याची साखळी सुरू होते. साबणाने धुऊन परत वापरलेली नळीही चालत नाही. साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि माणसाला विनाकारण प्रतिविष जातं. जांभळ्या टोपणाच्या नळीत तर रक्त गोठू नये म्हणूनच औषध घातलेलं असतं. मध्येच कोणी ‘झालं का’ म्हणून नळी हलवून पाहिली, तरी निकाल बिघडतो.

पहिल्या वेळी रक्त गोठलं म्हणून सुटका होत नाही. फायब्रिनोजेन १०० मिलिग्रॅमच्या बरंच खाली गेल्याशिवाय ही तपासणी काही दाखवत नाही. म्हणून पहिले ३ तास दर अर्ध्या तासाने आणि मग दर तासाने ती परत करतात. ‘एकदा बघितलं, ठीक आहे, घरी जातो’ म्हणणाऱ्यांना थांबवून ठेवतात ते याचसाठी. मात्र हिरड्यांतून रक्त उघड दिसत असेल तर नळीसाठी थांबायचं कारण नाही, प्रतिविष लगेच सुरू करतात.

सूज एवढीशी आणि बाटल्या १० का? कारण डोस सुजेवर नाही, सापाने सोडलेल्या विषावर ठरतो. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. १० मिलिलिटरची एक बाटली फुरशाचं साधारण साडेचार मिलिग्रॅम विष निकामी करते. लहान मुलालाही तेवढ्याच बाटल्या लागतात, कारण साप मुलाला बघून विष कमी सोडत नाही. पूड पाण्यात विरघळवताना बाटली हलकेच फिरवायची (जोरात हलवली की फेस होतो), आणि सलाईनमधून साधारण तासाभरात द्यायची.

पण प्रतिविष फक्त मोकळं विष पकडतं. संपलेलं फायब्रिनोजेन ते भरून देत नाही, ते यकृताला नव्याने बनवावं लागतं आणि त्याला साधारण ६ तास जातात. म्हणून पुढची नळी ६ तासांनी लावतात. तेव्हाही रक्त गोठलं नाही तर आणखी ५ ते १० बाटल्या. त्याआधी प्लाझ्मा, म्हणजे दात्याचा रक्तद्रव, चढवायची घाई कामाची नाही. विष शिल्लक असेल तर नवा मालही ते खाऊन टाकतं. आणि काहीच उपचार केला नाही तर रक्त आठ-आठ दिवस न गोठता राहू शकतं. तिसऱ्या दिवशी माणूस हिंडताफिरता दिसतो आणि गुण गावठी उताऱ्याला दिला जातो, तो याच काळात.

प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून करतात. त्यामुळे अंगावर गांधी, खाज, थंडी, उलटी, धाप असं काही दिसलं तर लगेच सांगायचं. तेव्हा ठिबक थांबवून मांडीत ०.५ मिलिग्रॅम ॲड्रिनॅलिन देतात. हा मोठ्या माणसाचा डोस. एरवी रक्त गोठत नसताना स्नायूत इंजेक्शन देणं टाळतात, हा एक अपवाद.

रुग्णालयात पोचेपर्यंत पाय लाकडासारखा स्थिर ठेवावा. विष आधी लसिकेतून, म्हणजे लिम्फमधून, सरकतं आणि तिला ढकलतात ते चालणारे स्नायू. एकदा का ते रक्तात उतरलं की हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवतं, म्हणजे जवळपास अंगातलं सगळं. जोडवी, पैंजण, अंगठी काढा. दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका. न गोठणाऱ्या रक्ताला नवी जखम देण्यासारखं दुसरं वाईट काही नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल, ॲस्पिरिन किंवा डायक्लोफिनॅक नको, ती बिंबिकांनाही बसवून ठेवतात.

एक वेगळं सांगतो, कारण कोकणात दोन्ही एकाच गडग्यात भेटतात. लाल विंचवाच्या डंखात नळी लावून काही कळत नाही. तिथे रक्त नीट असतं, भार हृदयावर येतो, आणि औषध म्हणजे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवलेलं प्राझोसिन. आणि आंबोलीकडचा चापडा साप चावला असेल तर हे प्रतिविष त्याच्यासाठी बनलेलंच नाही. म्हणून साप ओळखता आला तर दुरून फोटो काढावा, मारून पिशवीत घालून आणू नये. मेलेलं फुरसंही चावू शकतं.

वडील घरी आले की एक-दोन आठवडे लक्ष ठेवा. ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आलं तर ते विष परत चढलेलं नसतं, घोड्याच्या प्रथिनांवरची उशिराची प्रतिक्रिया असते. त्यावर गोळ्यांनी आराम पडतो, पण दाखवायला जाताना बाटल्यांची संख्या लिहिलेला कागद बरोबर न्या.