फरशीखालचे मूल

सांगली

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

डिस्टोपियन, म्हणजे भयाण भविष्य दाखवणाऱ्या, चित्रपटांतील वर्गभेदावरचे तुझे टिपण दोनदा वाचले. 'मेट्रोपोलिस'मधील (१९२७) जमिनीखालची कामगारवस्ती, 'इलिझियम'मधील (२०१३) श्रीमंतांचे अवकाशस्थानक आणि 'स्नोपिअर्सर'मधील (२०१३) आगगाडीच्या डब्यांची उतरंड (पुढे श्रीमंत, मागे गरीब) तू नेमकी टिपली आहेस. पण तू तिथेच थांबलास. कोण कुठे राहतो हे पडद्यावर लगेच दिसते. कोणाच्या श्रमावर कोण जगतो, हे कळायला चित्रपट पुन्हा पाहावा लागतो.

'स्नोपिअर्सर'मधला टेपचा प्रसंग आठव. शेवटच्या डब्यातल्या कळकट गर्दीत पिवळ्या कोटातली एक बाई येते, मोजायच्या टेपने लहान मुलांची मापे घेते आणि त्यांतली दोन घेऊन जाते. ते माप कशासाठी होते, हे शेवटी इंजिनाजवळची फरशी उचलल्यावर कळते: यंत्राचा एक भाग निकामी झाला आहे, तो पुन्हा मिळण्याजोगा नाही, आणि त्या अरुंद जागेत केवळ लहान मूलच मावते. म्हणजे मागचा डबा पुढच्यांना नकोसा नाही, त्याच्यावाचून त्यांची गाडीच चालत नाही. एवढी भीषण गोष्ट दिग्दर्शक बाँग जून-हो यांनी शिंप्याकडे असते तशा टेपने सुरू करावी, याचे मला आजही नवल वाटते. 'मेट्रोपोलिस'चा शेवट मात्र मला पटत नाही. मालकाचा मुलगा मालकाचा हात कामगारांच्या म्होरक्याच्या हातात देतो खरा. पण दहा तासांच्या पाळीचे काय झाले, याविषयी चित्रपट गप्प राहतो.

आता आपल्याकडे पाहा. गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि कारखान्याजवळच्या माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो, आणि मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचलही त्याच हिशेबाने मिळते. मोजले जाते ते अवजार. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळत कोपीपाशी बसते, तिची शाळा गावाकडेच राहते. इथे कुठे भिंत नाही की पहारा नाही. घेतलेली उचल फिटेपर्यंत कोणी हलू शकत नाही, एवढे पुरते.

लेख पुन्हा लिहायला घेण्यापूर्वी एकदा भल्या पहाटे फडावर जाऊन ये. डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईची पावले नीट पाहा, आणि घरी आल्यावर तो टेपचा प्रसंग पुन्हा लाव. मग जे सुचेल, ते मला पाठव.

तुझा,
सर